पेन्शन आणि पदरची पुंजी

सरकारी नोकरींत असलेल्या मनुष्यानें आपल्या म्हातारपणासाठीं, पगारांतून सक्तीनें कापली जाते तेवढ्या वर्गणीवर समाधान मानावें, कीं तिच्या जोडीला आपखुशीनें आणखी कांहीं भरावें, हा प्रश्न वरकरणी निव्वळ हिशेबाचा दिसतो. व्याजाचा दर, प्राप्तीवरील कराची सवलत, नोकरीचीं उरलेलीं वर्षें एवढे आंकडे हातीं आले म्हणजे कोणीही कारकून त्याचें उत्तर काढील, असें वाटतें. परंतु पुण्यासारख्या शहरांत, जेथें पेन्शन हा शब्द पेशवाई बुडाली तेव्हांपासून लोकांच्या तोंडीं आहे, तेथें हा प्रश्न नुसत्या त्रैराशिकानें सुटण्यासारखा नाहीं. पेन्शन देणाराचा शब्द किती टिकतो, आणि ती घेणारा मेल्यावर त्याच्या माणसांचें काय होतें, याचा दोनशें वर्षांचा अनुभव या शहराच्या गांठीं आहे. त्या अनुभवाकडे पाठ फिरवून केलेला हिशेब बरोबर असला तरी शहाणपणाचा ठरेलच, असें नाहीं.

या इतिहासांतील पहिला पेन्शनर फार मोठा आहे. इ. स. १८१८ च्या जून महिन्यांत दुसऱ्या बाजीरावानें सर जॉन माल्कम याच्या स्वाधीन होऊन गादीवरचा हक्क सोडला, आणि त्याच्या मोबदल्यांत त्यास सालीना ८ लाख रुपयांची नेमणूक मिळाली. कंपनीच्या कांहीं अधिकाऱ्यांस हा आंकडा अवाच्या सव्वा वाटला. बाजीराव त्या वेळीं त्रेचाळीस वर्षांचा होता. तो ब्रह्मावर्तास २८ जानेवारी १८५१ पर्यंत जगला. म्हणजे बत्तीस वर्षांहून अधिक काळ त्यानें ही नेमणूक खाल्ली, आणि अडीच कोटी रुपयांवर रक्कम कंपनीच्या खजिन्यांतून त्याच्या घरीं गेली. तो वारल्यावर दत्तक पुत्र नानासाहेब यानें नेमणूक पुढें चालविण्याविषयीं अर्ज केला. लॉर्ड डलहौसीनें तो फेटाळला, आणि फेटाळतांना जीं कारणें दिलीं त्यांतील एक आमच्या विषयाच्या अगदीं गाभ्याला भिडणारें आहे. पेशव्यानें इतक्या वर्षांत एवढी मोठी रक्कम घेतली, त्याला औरस पुत्र नाहीं, आणि त्यानें २८ लाखांची मालमत्ता आपल्या माणसांस ठेविली आहे; तेव्हां मागें राहिलेल्यांचा सरकारवर कसलाही हक्क उरत नाहीं, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. नानासाहेबानें अजीमुल्लाखानास विलायतेस पाठविलें. तेथेंही दाद लागली नाहीं. पुढें १८५७ सालीं काय झालें तें सर्वश्रुत आहे.

बाजीरावाविषयीं कोणास कळवळा यावा अशी त्याची कारकीर्द नाहीं. पण डलहौसीच्या त्या कारणाची नोंद प्रत्येक पेन्शनरानें करून ठेवावी. शिल्लक टाकली, तर ती शिल्लकच हक्काच्या आड आली. सगळें उधळलें असतें तर वारसाला निदान दारिद्र्याचें गाऱ्हाणें तरी गातां आलें असतें!

त्यापूर्वींची आमची रीत निराळी होती. मराठी राज्यांत आजच्या अर्थानें पेन्शन नव्हती. वतन, इनाम, सरंजाम, वर्षासन अशा रूपानें चाकरीचा मोबदला दिला जाई, व तो पुष्कळदां पिढीजाद असे. लढाईंत पडलेल्या शिपायाच्या मुलांमाणसांस ‘बालपरवेशी’ म्हणून नेमणूक किंवा जमीन देण्याचा प्रघात होता. तिचें प्रमाण ठरलेलें नसे आणि ती धन्याच्या मर्जीवर असे, हें खरें. त्या काळाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतु नाहीं. तथापि चाकर मेला म्हणजे चाकरीचें देणें संपलें असें नव्हे, ही एक गोष्ट तींत गृहीत धरलेली होती. इंग्रजी अमलांत हा विचार उलटला. १८५२ च्या ११ व्या ॲक्टानें इनाम कमिशनला अधिकार दिले आणि मुंबई इलाख्यांतील घराण्याघराण्यांच्या सनदा तपासून निघाल्या. १८७१ च्या २३ व्या ॲक्टानें, म्हणजे पेन्शनांच्या कायद्यानें, सरकारनें दिलेल्या पेन्शनीबद्दल कोणास परस्पर दिवाणी कोर्टांत दावा लावतां येऊं नये अशी तजवीज केली. त्याच कायद्यानें सावकाराच्या जप्तीपासून पेन्शन मोकळी ठेविली, हा त्याचा मोठाच गुण. पण सावकारापासून वांचविलेली पेन्शन देणाराच्या इच्छेपासून वांचविलेली नव्हती.

याच सुमारास नवी नोकरशाही उभी राहत होती. कारकून, शिरस्तेदार, मामलेदार, सरकारी शाळेचा मास्तर अशा देशी नोकरांस तीस वर्षांची चाकरी भरल्यावर सरासरी पगाराच्या निम्म्यापर्यंत पेन्शन मिळे, आणि तिच्यासाठीं पगारांतून दमडी कापली जात नसे. उलट बडा साहेब, म्हणजे सिव्हिल सर्व्हिसचा अधिकारी, आपल्या सालीना हजार पौंडांच्या पेन्शनीसाठीं पगारांतून शेंकडा ४ भरीत असे, व विधवा आणि मुलें यांच्या फंडासाठीं निराळी वर्गणी देत असे. वरवर पाहणारास देशी कारकून फुकटची पेन्शन खातो आणि साहेब पदरचें भरतो, असें दिसावें. परंतु साहेब वारला तर मडमेला त्या फंडांतून उत्पन्न चालू राही. कारकून वारला तर त्याची पेन्शन त्याच दिवशीं सरे. वर्गणी आणि विधवा यांचा हा संबंध ज्यांस उमगला, त्यांस पुढील सगळा इतिहास उमगेल.

हें स्पष्ट करण्यास पुण्याच्या दोन थोर पुरुषांचीं उदाहरणें घेतों. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे मुंबई विद्यापीठाच्या १८६२ सालच्या पहिल्या पदवीधरांपैकीं. दोघेही प्रार्थनासमाजाचे पुढारी, दोघेही सरकारी नोकर, आणि दोघांचाही पुण्याशीं निकट संबंध. रानडे १८७१ सालीं पुण्यास न्यायखात्यांत आले आणि १८९३ सालीं हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. त्याच १८९३ सालीं भांडारकर डेक्कन कॉलेजांतील संस्कृतच्या अध्यापकाच्या जागेवरून निवृत्त झाले. पुढें काय झालें? प्रकृति ढासळल्यामुळें रजा घेऊन निवृत्त होण्याचा विचार चालू असतांच रानडे १६ जानेवारी १९०१ रोजीं वारले. एकुणसाठावें वर्ष पुरें व्हावयास दोन दिवस उरले होते. चाकरीच्या दीर्घ काळांत जमलेल्या हक्काचा एक महिनाही त्यांच्या भोगास आला नाहीं. भांडारकर मात्र २४ ऑगस्ट १९२५ पर्यंत जगले. निवृत्तीनंतरची बत्तीस वर्षें! वैष्णव, शैव व इतर पंथांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९१३ सालचा, म्हणजे निवृत्तीनंतर वीस वर्षांनीं आलेला. आणि वयाचीं ऐशीं वर्षें पुरीं झालीं त्या दिवशीं, ६ जुलै १९१७ रोजीं, त्यांच्या नांवाची प्राच्यविद्या संशोधन संस्था स्थापन झाली.

या दोघांनीं तरुणपणींच पेन्शनीचा मार्ग सोडून आपापल्या पदरची पुंजी सांठविली असती, अशी कल्पना करून पाहावी. रानड्यांच्या पुंजीचा पैन् पैसा रमाबाईंच्या हातीं राहिला असता. भांडारकरांची पुंजी, ती कितीही विवेकानें खर्चिली असती तरी, पंधरावीस वर्षांत आटली असती. कारण छप्पन्नाव्या वर्षीं निवृत्त होणारानें अठ्ठ्याऐशीं वर्षांच्या आयुष्याची बेगमी करावी, असें कोणता ज्योतिषी त्यांस सांगणार होता? पेन्शनीचें बळ येथें आहे. जो लवकर जातो त्याच्या वांट्याचें, जो दीर्घायुषी होतो त्यास मिळतें. आणि कोण कोणता, हें आधीं कोणासच माहीत नसल्यामुळें ती वांटणी न्याय्य ठरते. पुंजीचें बळ याच्या अगदीं उलट आहे. ती अल्पायुषी माणसाच्या घराला तारते, दीर्घायुषी माणसाला मात्र मध्येंच सोडून जाते. दरसाल नोव्हेंबरांत पेन्शनरास हयातीचा दाखला द्यावा लागतो, यांत पुष्कळांस अपमान वाटतो. वास्तविक त्या दाखल्यांतच पेन्शनीचें सारें मर्म आहे. पुंजीला असला दाखला लागत नाहीं. धनी जिवंत आहे कीं नाहीं, याच्याशीं तिला कर्तव्य नसतें.

रानड्यांचें घर खाऊनपिऊन सुखी होतें, म्हणून तेथें हा प्रश्न बिकट झाला नाहीं. रमाबाईंनीं पुढें पुण्यास सेवासदनाचें केवढें काम उभारलें तें सर्वांस ठाऊक आहे. बिकट प्रसंग दुसरीकडे होते. २४ ऑक्टोबर १८८४ रोजीं पुण्यास डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. ती सरकारी नव्हे, परंतु सार्वजनिक कार्यासाठीं आयुष्य वाहणाऱ्या मनुष्याच्या म्हातारपणाची सोय कशी करावी, याचा विचार आमच्या लोकांनीं स्वतंत्रपणें प्रथम येथेंच केला. आजीव सभासदानें वीस वर्षें काम करावें, महिना ७५ रुपये घ्यावे, आणि नंतर महिना ३० रुपयांच्या पेन्शनीवर निवृत्त व्हावें, अशी ती योजना होती. जोडीस आयुर्विम्याची तजवीज होती. हा आयुर्विमा आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. पेन्शन दीर्घायुष्यासाठीं आणि विमा अल्पायुष्यासाठीं, हा भेद त्या तरुण मंडळीस स्पष्ट दिसला होता. (त्याच १८८४ सालच्या फेब्रुवारींत टपाल खात्यानें आपल्या नोकरांसाठीं आयुर्विमा सुरू केला, हा एक योगायोग. ती योजना पुढें इतर सरकारी नोकरांस खुली झाली आणि अद्याप चालू आहे.)

आणि तरीही हा आयुर्विमा किती तोकडा होता! आजीव सभासदानें बाहेर काम करून वरकमाई करावी कीं नाहीं, यावरून टिळक आणि आगरकर यांच्या पक्षांत जें वितुष्ट आलें, त्याची परिणति टिळकांच्या डिसेंबर १८९० मधील राजीनाम्यांत झाली. सारा वेळ आणि सारी मिळकत संस्थेची, असें टिळकांचें म्हणणें. कुटुंबाच्या पुढल्या दिवसांसाठीं माणसानें चार पैसे मिळविले तर त्यांत पाप नाहीं, असें दुसऱ्या पक्षाचें. त्या वादांत कोण बरोबर होतें यावर पुण्यांत आजही दोन तट पडतील. आमच्या मतें तत्त्व टिळकांचें उंच होतें, पण माणसांच्या संसाराची जाण दुसऱ्या बाजूस अधिक होती. संस्थेचे एक आधारस्तंभ वामन शिवराम आपटे १८९२ सालीं वारले. आगरकर १७ जून १८९५ रोजीं, चाळिशीही न गांठतां गेले. उत्तरक्रियेसाठीं वीस रुपये पुडींत बांधून त्यांनीं उशाशीं ठेविले होते, असें सांगतात. १९०२ सालीं निवृत्त झालेले गोपाळराव गोखले यांस तरी किती लाभलें? अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, १९१५ सालीं, त्यांचा अंत झाला. ज्या पिढीला पेन्शनीची इतकी काळजी वाहावी लागली, ती पेन्शन खाण्याइतकी जगलीच नाहीं.

सरकारी नोकरांसाठीं या उणीवेवर तोड निघाली ती प्रॉव्हिडंट फंडाची. १८९७ सालीं आणि नंतर अधिक विस्तारानें १९२५ सालीं त्याचे कायदे झाले. १९२५ च्या कायद्याचें मर्म असें कीं, या फंडांत पडलेला पैसा नोकराच्या ऋणकोपणाला बांधलेला नाहीं. त्यावर सावकाराची जप्ती येत नाहीं. ठरलेल्या किमान वर्गणीहून अधिक भरण्याची मुभा या फंडांत असते. केंद्र सरकारच्या नियमांत किमान वर्गणी पगाराच्या शेंकडा ६, आणि वरची मर्यादा संपूर्ण पगाराइतकी होती. अलीकडे, २०२२ पासून, वर्षाला ५ लाखांची मर्यादा घातली आहे. ‘जादा वर्गणी’ ही आमच्या विषयांतली वस्तु खऱ्या अर्थानें येथें जन्मास आली. मात्र तिचा उपयोग म्हातारपणासाठीं कितीसा झाला? मुलीचें लग्न, मुलाची फी, आजारपण, शेवटीं कोथरूड किंवा सहकारनगर येथें चार खोल्या, असा या फंडाचा प्रवास पुण्याच्या मध्यमवर्गांत घरोघर झालेला आहे. त्यास कोणी उधळपट्टी म्हणूं नये. डोक्यावर छप्पर असणें हीही पेन्शनच, आणि ती विधवेसही पुरते.

या पद्धतीला दोन धक्के बसले. पहिला महागाईचा. दुसऱ्या महायुद्धांत घाऊक किंमती दुपटीच्याही वर गेल्या, आणि १९३५ सालीं भरपूर वाटलेली ठरीव पेन्शन १९४५ सालीं पोटालाही पुरेना. सांठविलेल्या पुंजीची दशा त्याहून वाईट झाली; कारण पेन्शनरांस सरकारकडे महागाईचें गाऱ्हाणें तरी घालतां येतें, बँकेच्या पुस्तकास काय घालणार? दुसरा धक्का निवडीचा. १९५७ सालीं रेल्वेनें आपल्या नोकरांस पेन्शन देऊं केली, व जुन्या नोकरांस विचारलें, कीं वर्गणीच्या फंडांत राहतां कीं पेन्शन घेतां? पुष्कळांनीं एकरकमी फंड पत्करला. हातांतला पैसा आपला, सरकारचा शब्द परका, हा व्यवहारी माणसाचा न्याय. पुढें वेतन आयोगांनीं पेन्शनी वाढविल्या, त्यांस महागाईची जोड मिळाली, आणि फंडवाले मागें पडले. निवड बदलून द्यावी म्हणून कृष्णकुमार यांच्या नांवाचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९० सालीं त्यांच्याविरुद्ध निकाल झाला. आपल्या पुंजीवर फार विसंबणारांनीं हें प्रकरण अवश्य पाहावें.

पेन्शनीची प्रतिष्ठा वाढविणारा निकाल तत्पूर्वींच लागला होता. १७ डिसेंबर १९८२ रोजीं नकारा यांच्या खटल्यांत पांच न्यायाधीशांच्या पीठानें असें ठरविलें, कीं पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नव्हे. ती केलेल्या चाकरीचा हक्क आहे. निकालपत्र न्या. देसाई यांनीं लिहिलें. पीठाचे अध्यक्ष मूळचे पुण्याचे, नूतन मराठी विद्यालयाचे विद्यार्थी, सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड हे होते. डलहौसीच्या टांचणास पुण्याच्या माणसाच्या पीठाकडून उत्तर मिळावयास एकशेंएकतीस वर्षें लागलीं. विधवांचा प्रश्न त्याच्या थोडा आधीं सुटला होता: केंद्र सरकारच्या नोकरांसाठीं कुटुंबपेन्शनीची व्यापक योजना १९६४ पासून सुरू झाली. प्रथम तिच्यासाठीं दोन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम ग्रॅच्युइटींतून सोडावी लागे. १९७७ सालीं ती अट गेली.

ज्यांस सार्वजनिक क्षेत्रांतील कामगार म्हणतात, त्यांची कथा याहून फार वेगळी. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना निघाला. तेथील कामगार मालक सरकार असूनही सरकारी नोकर नव्हता. त्याच्या वांट्यास भविष्य निर्वाह निधि आला, आणि पेन्शन आली ती १९९५ च्या योजनेची. या योजनेंत पेन्शन प्रत्यक्ष पगारावर न मोजतां ठराविक मर्यादेपर्यंतच्या पगारावर मोजतात. २०१४ पासूनची १५,००० रुपयांची मर्यादा धरली तर पस्तीस वर्षांच्या नोकरीवरही पेन्शन महिना साडेसात हजारांच्या आसपासच येते. अशा माणसास ‘ऐच्छिक वर्गणी’ भरण्याविषयीं उपदेश करण्याची गरज नाहीं. गरजेनेंच तो ती भरतो. ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालानें सर्वोच्च न्यायालयानें कित्येकांस प्रत्यक्ष पगारावर पेन्शन घेण्याची संधि पुन्हां दिली. त्याची किंमत म्हणजे फंडांतील पुंजीचा मोठा लचका पेन्शनीच्या खात्यांत वळवावा लागतो. १९५७ चीच निवड, फक्त उलट बाजूनें!

सरकारी नोकरास ही वेळ आली ती १ नोव्हेंबर २००५ पासून. त्या दिवशीं किंवा नंतर महाराष्ट्र सरकारच्या सेवेंत आलेल्यांस जुनी पेन्शन बंद झाली व परिभाषित अंशदानाची योजना लागू झाली. पगार व महागाईभत्ता यांच्या शेंकडा १० नोकरानें भरावे, तितकेच सरकारनें घालावे (सरकारचा वांटा पुढें १४ झाला), आणि निवृत्तीच्या वेळीं जमेल त्यांतून किमान ४० टक्क्यांचें वर्षासन विकत घ्यावें, असें आज तिचें स्वरूप आहे. प्रॉव्हिडंट फंडाचें जुनें खातेंही यांस मिळालें नाहीं. या योजनेचा सर्वांत मोठा दोष बाजाराचा चढउतार हा नव्हे, असें आमचें मत आहे. नोकरींत असतां तरुणपणीं मेलेल्याच्या कुटुंबास यांत कुटुंबपेन्शन नव्हती. १९६४ सालीं शिकलेला धडा २००५ सालीं पुसला गेला. मार्च २०२३ मध्यें, राज्यांतील नोकरांनीं ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ अशी घोषणा देत आठवडाभर संप केला, त्यानंतरच ३१ तारखेस कुटुंबपेन्शनीचा निर्णय निघाला. मधलीं सतरा वर्षें ज्या घरांवर प्रसंग ओढवला, त्यांनीं काय केलें असेल! पुढें ऑगस्ट २०२४ मध्यें केंद्रानें एकीकृत निवृत्तिवेतन योजना मंजूर केली आणि दुसऱ्याच दिवशीं महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें ती उचलली. पंचवीस वर्षें भरल्यास अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मे, असें तींत केंद्राचें अभिवचन आहे. म्हणजे बारा टप्प्यांचा फेरा घेऊन आम्ही पुन्हां त्या जुन्या ‘निम्म्या पगारा’पाशीं आलों; फरक इतकाच, कीं आतां त्यासाठीं वर्गणी द्यावी लागते.

आतां मूळ प्रश्नाकडे येतों. जादा भरावें काय? प्रथम हें पाहावें, कीं जादा भरल्यानें पेन्शन वाढते काय. जेथें पेन्शन पगाराच्या प्रमाणांत ठरलेली आहे, तेथें ती वाढत नाहीं. जादा रक्कम नुसती पुंजी होते. जेथें पेन्शन जमलेल्या रकमेवर अवलंबून आहे, तेथें ती वाढते, आणि तिच्यांतील वर्षासनाचा भाग हयातभर पुरतो. असल्या खात्यांत भांडारकरांएवढें आयुष्य लाभण्याची ज्यास भीति (किंवा आशा) आहे, त्यानें जरूर भरावें. सरकारनें २०१५ पासून यासाठीं ५०,००० रुपयांपर्यंत करांत वेगळी सूट दिली, पण नवी करपद्धति पत्करणारास ती मिळत नाहीं; आणि फंडांतील स्वतःच्या वर्गणीवरील व्याजासही २०२१ पासून ठराविक मर्यादेनंतर कर लागूं लागला आहे. सूट हें कारण धरून जो भरतो, त्याचें कारण असें अंदाजपत्रकागणिक हलत राहतें. व्याजाचीही तीच गोष्ट: १९८६ पासून २००० पर्यंत सरकारी फंडावर शेंकडा १२ मिळत, एप्रिल २०२० पासून ७.१ मिळूं लागले.

दुसरें, भरणाराची ऐपत. पतपेढीचें कर्ज डोक्यावर ठेवून, त्याहून कमी व्याज देणाऱ्या खात्यांत जादा वर्गणी भरणारे शाळामास्तर आणि कारकून आम्हीं पाहिले आहेत. शिपायास व सफाई कामगारास तर पगारांतून सक्तीची वर्गणी गेल्यावर महिनाअखेर गांठतां गांठतां नाकीं नऊ येतात. ऐच्छिक योजनेचा हा अंगभूत दोष आहे: ज्यास तिची गरज कमी, त्यालाच ती परवडते. म्हणून ‘ज्यास अधिक हवें त्यानें अधिक भरावें’ असें कोणी अधिकारी किंवा अर्थशास्त्री म्हणूं लागला, कीं आम्हांस अठ्ठावीस लाखांवर बोट ठेवणारा डलहौसी आठवतो. लोकांनीं आपखुशीनें केलेली बचत ही सरकारनें आपलें देणें कमी करण्याची सबब होतां कामा नये, आणि संघटनांनींही या बाबतींत सावध असावें.

परंतु एवढ्यावरून ज्यास शक्य आहे त्यानेंही स्वस्थ बसावें, असें आम्ही म्हणणार नाहीं. कर्ज फिटलें असेल, घरांतील कर्त्या माणसाचा पुरेसा आयुर्विमा उतरविलेला असेल, सहा महिन्यांचा खर्च हाताशीं असेल, तर पगारवाढीचा कांहीं अंश जादा वर्गणींत वळवावा. तो वळविलेला अंश पहिल्या महिन्यांतच वळविला तर जाणवत नाहीं. मात्र ती रक्कम आपल्या दीर्घायुष्याची हमी आहे, अशी समजूत करून घेऊं नये. तें काम एकट्याच्या पेटींतून होत नाहीं. तें सर्वांच्या सामाईक फंडाचें आहे, व त्यासाठीं सरकारकडे मागणी करीत राहणेंच योग्य. जादा वर्गणीचें काम निराळें: जें आगरकरांच्या पुडींत नव्हतें, तें मागें ठेवणें.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ अशी वर्गणी वीस वर्षें चुकूं न देतां भरीत होते. गेल्या वर्षीं ते हृदयविकारानें अकस्मात् गेले. कागद काढून पाहतात तों खात्यावरचें वारसाचें नांव नोकरी लागली त्या दिवशींचें, म्हणजे आईचें. आईस वारून नऊ वर्षें झालेलीं. लग्नानंतर नवें नांव लावावयाचें राहूनच गेलें होतें. त्यांच्या पत्नी हल्लीं वारसाच्या दाखल्यासाठीं कोर्टांत खेटे घालीत आहेत, आणि वकिलाची फी त्यांनीं भावाकडून उसनी घेतली आहे.